कडेचे आकडे

डोळ्यावरची पट्टी निघाली दवाखान्यात, पण धक्का बसला तो घरी आल्यावर. चपला काढून तो पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि पेला हातात तसाच धरून उभा राहिला. भिंत निळी होती. फिकट नाही, आकाशी नाही, चांगली भडक निळी, शाळेच्या कंपासपेटीला असते तसली. दोन वर्षांपूर्वी हा रंग त्याने स्वतः निवडला होता, राखाडीकडे किंचित झुकणारा पांढरा म्हणून. रंगाऱ्याने डबा उघडून दोनदा विचारलं होतं, "साहेब, हाच ना नक्की?" आणि त्याने त्या बिचाऱ्याला फैलावर घेतलं होतं. अख्खी नोकरी रंगांच्या कारखान्यात केली मी, तू मला रंग शिकवू नकोस, वगैरे. खोटं नव्हतं ते. छटा जुळवणं हेच त्याचं काम. रंगवलेले दोन पत्रे खिडकीशी शेजारी शेजारी धरायचे आणि सांगायचं, ह्यात काळा थेंबभर जास्त पडलाय. कारखान्यात त्याला सगळे दुर्बीण म्हणत, अगदी तोंडावर, आणि तोही ते नाव एखाद्या पदकासारखं मिरवायचा. आणि आता दुर्बिणीच्या घरात ही भिंत. त्याने उजवा, नवा डोळा तळहाताने झाकला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात व्हायचं होतं. त्या डोळ्याला भिंत अजून होती तशीच होती, शांत, धुरकट, सभ्य. हात काढला की निळी, झाकला की राखाडी. लहान मुलासारखा तो कितीतरी वेळ हेच करत राहिला.

"बाबा, डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलंय ना?" ऑपरेशनसाठी परगावाहून आलेली लेक मागून ओरडली.

"ही भिंत अशी आहे, हे मला कुणी का सांगितलं नाही?"

लेक पिशवीतली भाजी ओट्यावर काढता काढता म्हणाली, "आई म्हणाली, राहू दे. त्यांनी हौसेने निवडलाय."

"तिला आवडला होता?"

"आईने स्वतःसाठी निळं काही घेतलेलं आठवतंय तुम्हाला?"

त्याला आठवेना. म्हणजे घेतलं नसावं. त्या दिवशी रंगारी गेल्यावर ती ओल्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती, आणि त्याने विचारल्यावर म्हणाली होती, "छान आहे. थंड वाटतं." एवढंच. मग पुढे तिने त्या भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केला, हातपाय चालत होते तोवर. तो जेवता जेवता अधूनमधून भिंतीकडे बघून समाधानाने मान हलवायचा, आणि ती त्याच्याकडे बघायची. आता मनात येत होतं, ती काय बघत असेल? नवऱ्याच्या डोळ्यांत पडत चाललेला पडदा? मोतीबिंदू हा शब्द घरात पहिल्यांदा काढला तोही तिनेच, आणि त्याने तो असा झटकून टाकला की तिने पुन्हा काढला नाही. मग तिचं दुखणं निघालं. मग काय, त्याच्या डोळ्यांचं नाव काढायला सवडच नव्हती, किंवा त्याला आयतीच सबब मिळाली. आधी तुझं होऊ दे, मग माझं बघू, असं तो म्हणायचा, आणि तसं म्हणताना आपण फार मोठा त्याग करतोय असं त्याला वाटायचं. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

सबंध हिवाळाभर त्याने तिला आंघोळीच्या खोलीतल्या आरशातून पाहावं तसं पाहिलं, वाफ धरलेल्या. तेव्हा हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि त्यावर त्याने एक तोड काढली होती, जी तो कुणाला बोलला नव्हता. आपल्याला नीट दिसत नसलं तर न दिसो, फिल्मला दिसतंय. तिच्या खाटेशी खिडकी होती, उजेड भरपूर, आणि खुर्चीपासून उशीपर्यंतचं अंतर त्याने टेपने मोजून ठेवलं होतं. कॅमेऱ्याच्या कड्यावर ते अंतर एकदा लावलं की फोकससाठी डोळ्यांची गरजच नव्हती. दर चारदोन दिवसांनी तो खुर्चीत बसायचा आणि तिचे फोटो काढायचा. पुढे डोळे झाले की बघू. आत्ता साठवून ठेवायचं, नंतर सावकाश बघायचं. दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून पडल्या पडल्या त्याने एकच गोष्ट घोकली होती: घरी गेलो की कपाट उघडायचं, निगेटिव्हांची पेटी काढायची, आणि तिला बघायचं. आपल्या बायकोचं शेवटचं वर्ष पहिल्यांदा बघायचं.

भिंतीपायी ते तासभर लांबलं. जेवण झाल्यावर लेक आडवी झाली आणि त्याने पेटी काढली. बटरपेपरच्या पाकिटांतल्या पट्ट्या, सहा सहा फोटोंची एकेक. आयुष्यभर छटा पाहिलेल्या माणसाला निगेटिव्ह वाचायला प्रिंट लागत नाही. उलट्या अक्षरांतला मजकूर छापखान्यात खिळे जुळवणारा वाचतो तसं त्याला ते सरळ दिसायचं. शेवटच्या हिवाळ्यातली पहिली पट्टी त्याने खिडकीसमोर धरली. केस दिसले, पारदर्शक, म्हणजे काळेभोर. पांघरुणाची एक घडी दिसली. आणि जिथे चेहरा असायला हवा तिथे शाईचा डाग होता. चेहरा, उशी, उशीमागची भिंत, सगळं मिळून एकच काळा ठोकळा. निगेटिव्हवर काळं म्हणजे कागदावर पांढरं. ह्या पट्टीवरून प्रिंट काढायला गेलं तर केसांच्या चौकटीत कोरा कागद येणार. त्याला वाटलं, डोळा नवा आहे, अजून रुळायचा आहे. दुसरी पट्टी काढली. तिसरी. मग पाकिटं फाडतच सुटला. सगळीकडे तेच. कुठे उताणी, कुठे कुशीवर, एकदा बसलेली, हातात कप धरलेली. कपाचा कान दिसत होता, धरणारी बोटं नव्हती.

काय झालंय ते कळायला त्याला वेळ लागला नाही. हे शास्त्र त्याच्या हाडीमासी भिनलेलं. फिल्म धुवायच्या द्रावणात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, जितका जास्त वेळ ठेवाल तितक्या उजळ जागा काळ्या होत जातात, निगेटिव्हवर. सावलीतल्या जागा मात्र आहेत तिथेच बसून राहतात, त्यांना जे मिळायचं ते आधीच मिळालेलं असतं. दोघांमधलं अंतर वाढत जातं, त्यालाच कॉन्ट्रास्ट म्हणायचं. थोडा वाढवला तर फोटोत जीव येतो. हाव सुटली तर उजेडातलं सगळं जळून जातं, आणि उजेडात काय असतं? बहुतेक वेळा माणसाचा चेहराच असतो. त्याने जाळला होता. डोळ्यावर पडदा चढत गेला तसतशी त्याला प्रत्येक निगेटिव्ह मळकट, मेलेली वाटायला लागली, आणि घरी फिल्म धुताना तो वेळ वाढवत गेला. नऊ मिनिटांची दहा, दहाची अकरा, मग बारा. गल्लीतला स्टुडिओवाला त्याला प्रिंट काढून द्यायचा. हिवाळ्यातला पहिला रोल त्याच्याकडे नेला तेव्हा तो काउंटरवर कोपर टेकून अगदी मऊ आवाजात म्हणाला होता, "काका, काकूंचा चेहरा येत नाहीये हो. फार कडक धुतलाय." त्यावर हा काय म्हणाला होता? म्हणाला होता, तुझी मशीन दुरुस्त करून घे. आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नव्हता.

तरी काहीतरी जुळत नव्हतं. छटा जुळवणाऱ्याचं मन असतं ते. दोन पत्रे शेजारी आले की त्याला स्वस्थ बसवत नाही. वेळ वाढवायला लागून चार वर्षं तरी झाली होती. मग मागल्या चार वर्षांच्या सगळ्याच पट्ट्या जळायला हव्या होत्या. त्याने आधीच्या काढल्या. लेकीच्या नव्या घरातली ती, बागेतल्या बाकावरची ती, दारात दुधाची पिशवी घेऊन उभी असलेली, "अहो, अवतारात नका काढू" म्हणणारी ती. चेहरा होता. गालावरची चामखीळसुद्धा होती. ह्या पट्ट्या त्याने अकरा मिनिटं धुतल्या होत्या, बारा मिनिटं धुतल्या होत्या, त्याला पक्कं आठवत होतं, कारण एकेक मिनिट वाढवताना त्याने तिला बजावून सांगितलं होतं. मग ह्या का नाही जळल्या? त्याने नवा डोळा बारीक करून पट्टीची कड पाहिली. फिल्मच्या कडेला भोकांपाशी कंपनी फोटोंचे आकडे छापून पाठवते, प्रत्येक रोलवर सारख्याच उजेडात. फोटो काढणाऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. ते किती काळे उमटतात हे ठरतं फक्त धुण्यावर. म्हणजे बाकी सगळं खोटं बोलेल, कडेचे आकडे बोलणार नाहीत. त्याने चार वर्षांच्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या, आणि कारखान्यात पत्र्यांवरून फिरवायचा तशी नजर कडांवरून फिरवली. आकडे सगळे एकाच काळेपणाचे होते. इथून तिथपर्यंत, थेंबाचा फरक नाही. आणि मग हिवाळा, आणि हिवाळ्याच्या पहिल्या रोलपासून एकदम जाड, फुगलेले, काळेकुट्ट आकडे.

म्हणजे चार वर्षं त्याने कितीही मिनिटं सांगितली तरी फिल्म धुतली जात होती नऊच मिनिटं. घड्याळ स्वयंपाकघरात होतं, त्या निळ्या भिंतीवर. त्याचं फिल्म धुणं बाथरूममध्ये, लागूनच. आणि घड्याळ बघणार ती.

लग्नानंतरच्या पहिल्या घरात ही पद्धत पडली होती. त्याचे हात ओले, फिल्मचा बंद डबा हातात, म्हणून ती बाहेरून ओरडायची, "हलवा!" की तो डबा उलटासुलटा करायचा. मिनिटाला एकदा "हलवा", आणि शेवटी "झालं!" की तो डेव्हलपर ओतून द्यायचा. पाण्याची उष्णतासुद्धा पुढेपुढे तीच बघायची, थर्मामीटर दिव्याखाली धरून सांगायची, "बरोबर आहे." त्याला काचेतली रेघ दिसेनाशी झाली होती, पण आपण तिला कामात सामील करून घेतोय अशीच त्याची समजूत होती. "आजपासून एक मिनिट जास्त," तो आतून सांगायचा. "बरं," ती म्हणायची. आणि मग रोलच्या दिवशी ती बोलायला लागायची. एरवी ही बाई अशी अबोल की पाहुण्यांना वाटावं रागावलीय. पण डेव्हलपर ओतला रे ओतला की तिला कुठून सुचायचं कुणास ठाऊक: वरच्या मजल्यावरचीने पडदे कसे उलटे लावलेत, बहिणीच्या सासूने दवाखान्यात डॉक्टरलाच कसं औषध सुचवलं, लेक लहानपणी बटण गिळून दोन दिवस कशी ऐटीत फिरत होती. मध्येच "हलवा", आणि पुन्हा गोष्ट पुढे चालू. तो वैतागायचा. "बडबड कमी कर, घड्याळाकडे लक्ष दे!" "आहे लक्ष," ती म्हणायची. बोलण्याच्या त्या रेट्यात किती वेळा हलवलं ह्याचा हिशेब त्याला कधी लागला नाही. तो लागू नये म्हणूनच तर ती बोलत होती. मग रोल वाळत घातला की ती खाली उभी राहून म्हणायची, "आज बघा, किती उठाव आलाय." आणि त्याला आलेला दिसायचा.

ती खाटेला खिळल्यावर त्याने घंटा वाजणारं एक गजराचं घड्याळ आणलं. हाताच्या अंदाजाने पाणी कोमट केलं, बारा मिनिटं लावली, आणि घड्याळाने इमानदारीने बारा मिनिटांनीच घंटा वाजवली. आतल्या खोलीतून एकदा तिचा आवाज आला होता. बारीक, ओढलेला. "अहो... झालं असेल." "तू पड गं," तो म्हणाला होता. "आता यंत्र आहे."

पट्ट्यांवर डोकं टेकून तो रडला. नव्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं, तरी रडला. तिने फसवलं म्हणून नव्हे. त्याचं वाईट वाटून घ्यायला मनात जागाच नव्हती. आठवत होती ती भलतीच गोष्ट. जाण्याच्या आधी पंधरवडाभर एका सकाळी तो खुर्चीत बसून म्हणाला होता, "आज चेहऱ्यावर रंग आलाय हं तुझ्या." मोतीबिंदूच्या पिवळट पडद्यातून सगळ्यालाच रंग येतो. ती म्हणाली, "हो का?" आणि हसली असावी. आवाजावरून वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याने लेकीला विचारलं, "आई मला मिनिटं खोटी सांगायची, तुला ठाऊक होतं?"

"मला काय माहीत? मी कुठे इथे होते?" लेक म्हणाली, आणि कप घेऊन उठली, जो अजून रिकामा झाला नव्हता.

उपाय एकच होता आणि तो धोक्याचा होता. काळेपणा खाणारं एक द्रावण असतं; नारिंगी खडे आणि फिल्म पक्की करणारा हायपो पाण्यात मिसळून पिवळंधमक करायचं. जळलेली निगेटिव्ह त्यात बुडवली की हळूहळू पातळ होते, आणि दडलेलं असेल ते वर येतं. पण ते थांबत नाही. वेळेवर काढून पाण्याखाली धरली नाही तर खाता खाता चेहराही खाऊन टाकतं, आणि मग खरोखरच काही उरत नाही. खड्यांची बरणी माळ्यावर होती. लेकीने स्टुलावर चढून काढली, नाक मुरडत धुतली. रोलच्या शेवटी नुसत्या रिकाम्या खुर्चीचे फोटो होते, ती पट्टी त्याने आधी बुडवून पाहिली. चार मिनिटांनी खुर्ची चांगली उठून आली, लाकडाच्या रेषासुद्धा. जरा फिकी पडली, पण काय उठाव होता! त्याचा हात शिवशिवला. मग त्याने तिची एक पट्टी निवडली, सरळ समोर बघणारी, आणि पांढऱ्या बशीत द्रावण ओतलं.

"चार मिनिटं झाली की सांग," तो बाथरूममधून म्हणाला.

"बरं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

पट्टी बुडाली. तो बशी हलक्या हाताने हेलकावत राहिला. काही होत नव्हतं. मग ठोकळ्याची कड जराशी विरली, उशी वेगळी झाली, भिंत वेगळी. आणि बाहेर लेक बोलायला लागली. तिच्या ऑफिसातल्या बाई कशा जेवणाच्या सुट्टीत खुर्चीतच घोरतात, आणि साहेब आले की घोरण्यातच कसं खोकल्यासारखं करतात. लेक त्याच्यावर आणि आईवर गेलेली, म्हणजे दुप्पट घुमी. कालपासून तिने कामापलीकडे चार वाक्यं टाकली नव्हती. आता पाणी वाहावं तशी बोलत होती, आणि मधूनच म्हणत होती, "हलवताय ना?" त्याचा हात बशीवर थबकला. मग तो पुन्हा बशी हेलकावायला लागला. बशीत कपाळ आलं होतं. मग डोळ्यांच्या खोबणी, केवढ्या खोल. गाल नव्हतेच, गालांच्या जागी दोन खड्डे. एवढी वाळली होती ती? आणि तो रंग आलाय म्हणत होता. अजून एक मिनिट गेलं तर हनुवटी सुटेल, मान सुटेल, पापण्या मोजता येतील. सगळं दिसेल.

"झालं, बाबा!"

त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. आता काटे स्वच्छ दिसत होते. तीन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. त्याने काट्यांकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं. चेहरा अर्धा आला होता, अर्धा अजून धुक्यात होता.

"बरं," तो म्हणाला आणि पट्टी उचलून नळाखाली धरली.

पाणी निथळल्यावर ती घेऊन तो स्वयंपाकघरात आला, खिडकीशी उभा राहिला. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या जरा वर बघत होती, जिथे त्याचं तोंड असणार तिथे. काहीतरी सांभाळायचं असलेल्या माणसासारखं बघत होती. त्याने नवा डोळा झाकून पाहिला. जुन्या डोळ्याला काळपट फिल्मपलीकडे काहीच दिसलं नाही. हात काढला. मग टेबलावरच्या ओळीतली बागेतल्या बाकाची जुनी पट्टी उचलली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या, कारखान्यात धरायचा तशा. द्रावणाने कडेचे आकडेही खाल्ले होते. फुगलेपण गेलं होतं. दोन्हींवरचे आकडे आता एकाच काळेपणाचे होते, थेंबाचा फरक नव्हता.

"बिघडली का हो?" लेक मागून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझं जरा आधीच..."

"नाही," तो म्हणाला. "वेळेवर सांगितलंस."